मेल्यावरही प्रश्न पडतील का?

मित्रहो, विषयाच्या शब्दांतच एक गृहीतक लपलेलं आहे, ते आधी उघडं करतो. 'मृत्यूनंतरही ज्ञानाचा शोध चालू राहतो का?' असं विचारताना आपण धरून चालतो की ज्ञान आणि शोध सुखाने एकत्र नांदतात. मला ते पटत नाही. पिपासा म्हणजे पिण्याची इच्छा, तशी जिज्ञासा म्हणजे जाणण्याची इच्छा. पोटभर पाणी प्यायल्यावर तहान राहत नाही. मग ज्या परलोकात सगळंच कळतं, तिथे जिज्ञासेने राहायचं कुठे?

आणि बहुतेक परंपरांनी परलोक तसाच कल्पिला आहे. जैन दर्शनातला सिद्ध जीव सर्वज्ञ असतो, त्याला विचारण्यासारखं काही उरलेलंच नाही. तेराव्या शतकातल्या ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसच्या मते ईश्वराच्या साक्षात दर्शनात बुद्धीची तहान पुरती भागते. न्यायदर्शनाने तर भलतंच टोक गाठलं. ज्ञान हा आत्म्याचा गुण, पण तो उपजतो शरीर आणि मन यांच्या संयोगातून. मोक्षात ना शरीर ना मनाचा संयोग, म्हणून दुःख नाही, सुख नाही आणि ज्ञानही नाही. श्रीहर्ष कवीने बाराव्या शतकात एका पात्राच्या तोंडून याची रेवडी उडवली: शहाण्या माणसांना दगड होण्याची मुक्ती शिकवणारा हा न्यायदर्शनाचा कर्ता गोतम, नावाप्रमाणेच 'गो-तम', म्हणजे बैलांतला बैल! कवीच्या तावडीत सापडू नये, हेच खरं.

पण हसून झाल्यावर मला गोतमाची बाजू बळकट वाटू लागते. १९५३ साली हेन्री मोलेसन या तरुणाचे अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या भागाचा, बराच हिस्सा काढण्यात आला. बुद्धी शाबूत राहिली, तो आवडीने शब्दकोडीही सोडवायचा. पण नुकताच भेटलेला माणूस खोलीबाहेर जाऊन परत आला, की पुन्हा अनोळखी. २००८ साली वारेपर्यंत हे असंच चाललं. एवढासा तुकडा गेला तर नवं काही मनात टिकत नाही. मग सगळा मेंदूच गेल्यावर शिकणार कोण आणि शिकलेलं ठेवणार कुठे? आत्मा मानणाऱ्याने या प्रश्नाला बगल देऊ नये. गीतेच्या सहाव्या अध्यायाने एक वाट दाखवली आहे. साधना अर्धी राहिलेल्याला पुढच्या जन्मी आधीच्या देहातला बुद्धिसंयोग पुन्हा लाभतो, पूर्वीचा अभ्यासच त्याला ओढून नेतो. मला त्यातली 'ओढ' फार आवडते. मात्र त्यासाठीही नवा देह लागतोच, हे विसरू नका.

शोध संपू नये असं म्हणणारेही झाले. तालमूद या ज्यू धर्मग्रंथात म्हटलं आहे की विद्वानांना ना या जगात विश्रांती, ना पुढच्या. इ.स.पू. ३९९ मध्ये मृत्युदंड झाल्यावर सॉक्रेटिस न्यायाधीशांना म्हणाला, मरण म्हणजे एक तर गाढ झोप, नाही तर दुसऱ्या गावी जाणं. दुसरं खरं असेल तर मी होमरला भेटेन, ओडिसियसला भेटेन, आणि खरा शहाणा कोण, स्वतःला नुसता शहाणा समजणारा कोण, हे तिथेही तपासत बसेन. वर हेही ऐकवलं, की तिथले लोक प्रश्न विचारल्याबद्दल कुणाला मारत नाहीत! जर्मन लेखक लेसिंगने १७७८ साली लिहिलं, देवाच्या उजव्या मुठीत सगळं सत्य असेल आणि डाव्या मुठीत नुसती शोधाची ओढ, तीही कायम चुकत राहण्याच्या अटीवर, तरी मी डावीच मूठ मागेन.

ही झाली मागणी. पण स्वर्गात बसलेल्यालाच प्रश्न पडला तर? छांदोग्य उपनिषदात तेच घडतं. आत्मा जाणायला देवांकडून इंद्र आणि असुरांकडून विरोचन, हातात समिधा घेऊन प्रजापतीकडे येतात. बत्तीस वर्षं ब्रह्मचर्याने राहतात. प्रजापती त्यांना पाण्यात पाहायला सांगतो: दिसतो तो आत्मा. दोघेही समाधानाने निघतात. विरोचन घरी पोचतो आणि देह हाच आत्मा म्हणून शिकवूही लागतो. इंद्र मात्र देवांपर्यंत पोचायच्या आधीच वाटेत थबकतो. देह आंधळा झाला तर हे प्रतिबिंबही आंधळं, देह गेला तर तेही गेलं; यात काय मिळवलं? परत फिरतो. आणखी बत्तीस वर्षं, मग स्वप्नातल्या आत्म्याचं उत्तर. पुन्हा अर्ध्या वाटेत शंका, पुन्हा बत्तीस वर्षं. आता उत्तर मिळतं गाढ झोपेचं: जिथे स्वप्नही नाही, पूर्ण शांतता आहे. त्यावर इंद्र म्हणतो, तिथे 'हा मी' एवढंही कळत नाही, जणू नाशच; मला यात भलं दिसत नाही. श्रीहर्षाचा दगड इथे आधीच हजर आहे, नाही का? शेवटची पाच वर्षं धरून एकशे एक वर्षं भरतात. स्वर्गाचा राजा इतकी वर्षं विद्यार्थी! अंतिम उत्तरापेक्षा मला ते तीन वेळा परत फिरणंच जास्त लक्षात राहतं.

चिठ्ठीत कुणीतरी विचारलंय, 'तुम्हाला स्वतःला काय वाटतं?' मेंदूचं सांगितलं तिथेच माझं अर्धं उत्तर आलं: मेल्यावर काही उरत असेल याची मला खात्री वाटत नाही. उरत असेलच, तर त्यात थोडं अज्ञानही उरावं, एवढी इच्छा आहे. आणि कठोपनिषदातला यम आठवतो. मेल्यावर माणूस असतो की नसतो, या नचिकेताच्या प्रश्नावर तो आधी म्हणतो, यात पूर्वी देवांनाही संशय होता, दुसरा वर माग. पोरगं हटत नाही. तेव्हा यमच म्हणतो, नचिकेता, तुझ्यासारखे प्रश्न विचारणारे आम्हाला आणखी मिळोत.