नदी उलटी वाहायला लागली की मगरी जमतात

नमस्कार मंडळी! माझ्या मागे पाणी दिसतंय ना? त्याखाली सिमेंटचा रस्ता आहे. मघाशी त्यावरून गाड्या जात होत्या. आणि ते जे ओंडके तरंगतायत ना, नीट बघा... एक हलला!

हे काहिल्स क्रॉसिंग, म्हणजे नदी ओलांडायचा रस्ता. उत्तर ऑस्ट्रेलियातलं काकाडू राष्ट्रीय उद्यान, डार्विन शहरातून गाडीने साधारण तीन-चार तास. पलीकडचा काठ म्हणजे आर्नहेम लँड, आदिवासींची जमीन. तिथे जायला परवाना लागतो. नदीचं नाव ईस्ट ॲलिगेटर. आता गंमत ऐका, ॲलिगेटर म्हणजे मगरीसारखाच दिसणारा वेगळा प्राणी, आणि ऑस्ट्रेलियात ॲलिगेटर नाहीतच! फिलिप पार्कर किंग नावाचा दर्यावर्दी १८२० च्या सुमारास इथे आला, मगरींना ॲलिगेटर समजला आणि नाव देऊन मोकळा झाला. बारसं चुकलं ते चुकलंच.

तर मगरी इथेच का जमतात? समुद्राची भरती नदीतून वर चढते आणि इथे पोचली की प्रवाह चक्क उलटा फिरतो. त्या पाण्याबरोबर मलेट मासे रस्त्यावरून पलीकडे जायला बघतात. मगरी रस्त्याच्या कडेला तोंड उघडून बसलेल्याच असतात. आयतं ताट!

सांगलीकर म्हणतील, आमच्या कृष्णेतही मगरी आहेत की. आहेत, पण त्या गोड्या पाण्यातल्या. ही जात वेगळी, खाऱ्या पाण्यातली. नर लांबीला पाच मीटरच्याही पुढे जातो. आणि नावावर जाऊ नका हं, ही समुद्रापासून खूप आत, गोड्या पाण्याच्या डबक्यातही राहते. पावसाळ्यात पूर आला की कुठल्या डबक्यात जाऊन बसेल, नेम नाही. १९७१ मध्ये या प्रांतात शिकार बंद झाली, तेव्हा जेमतेम तीन हजार उरल्या होत्या. आज लाखाच्या घरात आहेत.

म्हणून इथे 'जरा पाय बुडवून येतो' चालत नाही. २०१७ मध्ये एक जण हेच क्रॉसिंग पायी ओलांडत होता, त्याला मगरीने ओढून नेलं. दिसली नाही म्हणजे नाही असं समजू नका, ती तासभरसुद्धा पाण्याखाली राहू शकते. मासे धरायचे तर काठापासून निदान पाच मीटर लांब. तंबू पन्नास मीटर लांब. आणि रोज त्याच जागी भांडी घासायला जाऊ नका. तुमची सवय तिच्या लक्षात येते.

बघायचं असेल तर काठावर उंच गॅलऱ्या बांधल्यात, तिथे उभं राहा. भरतीच्या थोडं आधी या. पण डार्विनची वेळ धरून निघाल तर फसाल, भरतीला इथवर चढायला काही तास लागतात. या क्रॉसिंगचं वेगळं वेळापत्रक मिळतं, निघायच्या दिवशीचं बघा. गाडी पलीकडे न्यायची असेल तर ओहोटीला, आणि त्याआधी काठावरची पाण्याची खोली दाखवणारी पट्टी वाचून.

अरे, अरे, कॅमेरा तिकडे! मासा उडाला!