डासांचा लाडका क्रमांक ३३

(दृश्य : मनगटापासून कोपरापर्यंत नायलॉनचा मोजा चढवलेला हात)

पायातला मोजा हातावर चढवून, रोज सहा तास तसंच वावरायचं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात आधी ८ जणांनी आणि मग आणखी ५६ जणांनी हे केलं. हाताच्या कातडीचा जो काही वास असेल, तो त्या नायलॉनमध्ये मुरायचा.

पुढचं काम डासांच्या माद्यांचं. हो, माद्यांचंच, नर बिचारा फुलांच्या रसावर जगतो. रक्त लागतं ते मादीला, अंडी घालण्यासाठी. इथे सोडल्या होत्या एडिस इजिप्तीच्या माद्या, म्हणजे आपल्याकडे डेंग्यू पसरवणारा तो पांढऱ्या पट्ट्यांचा डास. समोर दोन नळ्या, त्यांच्या टोकाला दोन माणसांच्या मोज्यांचे तुकडे. कुणाकडे किती जणी उडाल्या, ते मोजायचं.

माणसांना नावं नव्हती, नुसते क्रमांक होते. त्यात क्रमांक ३३ ला तोड नव्हती! सगळ्यांत नावडत्या क्रमांक १९ च्या मानाने तो शंभर पटींनी लाडका निघाला. आणि वर्षं उलटली तरी ही आवडनिवड फारशी हलली नाही.

(दृश्य : त्वचेचा सूक्ष्मदर्शकातून दिसणारा पृष्ठभाग)

२०२२ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. डासांच्या लाडक्या माणसांच्या त्वचेवर कार्बोक्सिलिक नावाची, वास असलेली आम्लं जास्त आढळली. त्वचा मऊ ठेवणारं तेल असतं ना, त्यावर जगणारे जिवाणू बहुधा ही आम्लं तयार करतात. मग संशोधकांनी असे वास ओळखणारी जनुकंच निकामी केलेले डास घेतले. माणसाकडे त्यांची ओढ बरीच कमी झाली, पण लाडकं कोण आणि नावडतं कोण, हे त्यांना तरीही कळत होतं. एक वाट बंद केली तर दुसरी आहेच; डास भलता चिवट.

‘तुझं रक्तच गोड, म्हणून चावतात,’ हे आपल्या घराघरातलं ठरलेलं निदान. पण त्या मोज्यांत रक्ताचा थेंबही नव्हता. मादीची निवड सोंड टोचण्याआधीच झालेली असते.

अर्थात सगळा खेळ कातडीचा नाही. लांबून मादीला आधी लागतो तो आपल्या उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा माग. जवळ आल्यावर अंगाची ऊब.

(दृश्य : गॅम्बियातलं एक गाव, मच्छरदाणी लावलेली खाट)

पश्चिम आफ्रिकेतल्या गॅम्बियात मलेरियाच्या डासांवर झालेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. गरोदर बायकांकडे इतर बायकांच्या दुप्पट डास आले. या बायका श्वासावाटे जास्त हवा बाहेर सोडत होत्या, आणि त्यांचं पोटही किंचित गरम होतं. मलेरिया गरोदरपणात झाला, तर आईला रक्तक्षय होऊ शकतो आणि बाळ कमी वजनाचं जन्मू शकतं.