मनोरीत दिवस समुद्र ठरवतो

मार्वेच्या धक्क्यावरून बोट सुटते. आत स्कूटर, भाजीच्या पिशव्या, कॉलेजला जाऊन परतणारी पोरं आणि बॅगा सांभाळत उभी असलेली दोन-चार मुंबईकर कुटुंबं. खाडी ओलांडायला काही मिनिटंच लागतात. पलीकडचं मनोरी गाव मुंबई महापालिकेच्याच हद्दीत आहे, पण विहिरी, वाड्या आणि उतरत्या छपरांची घरं बघून ते पटत नाही.

कॉटेजमध्ये सामान टाकलं की मुलं विचारणार, आता काय करायचं? त्यासाठी आधी कॅलेंडर काढा आणि आजची तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला हिशेबाने सव्वाअकरा, प्रत्यक्षात बाराच्या आसपास. तिथून सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. मोबाइलवर मिनिटासकट वेळ दिसते हे खरं, पण आजीची पाऊणकी नातवंडांसमोर कामाला येते, ही गंमत मोबाइलमध्ये नाही.

खडक बघायचे असतील तर अमावास्या-पौर्णिमेजवळचा शनिवार-रविवार गाठा. उधाणाला पाणी जितकं वर चढतं तितकंच ते मागेही हटतं, आणि पूर्ण ओहोटी असते सकाळी सहाच्या सुमारास, ऊन चढायच्या आत. वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी दिसेल. ती इवल्या खेकड्यांची. वाळूतलं खाण्याजोगं तेवढं ते गाळून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतात. खडकांतल्या डबक्यात एखादा शंख चालायला लागला तर आत शंखाचा मूळ मालक नाही, भाडेकरू खेकडा आहे. बघून झालं की होता तिथेच ठेवा. घरी नेलेला शंख दोन दिवसांत वास मारतो, हे आयांना वेगळं सांगायला नको.

खाडीच्या बाजूला तिवरांची झाडी आहे. चिखलातून वर आलेल्या पेन्सिलीएवढ्या काड्या म्हणजे तिवराची श्वास घेणारी मुळं. त्यांच्यामधून टुणटुण उड्या मारतात त्या निवट्या. मासाच, पण चिखलावर चालणारा. ओल्या कातडीतूनही तो श्वास घेतो. मुलं इथे अर्धा तास सहज हलत नाहीत. चिखलात मात्र उतरू देऊ नका, पाय रुततो.

भरती चढत असेल तेव्हा किनारा सोडायचा. या किनाऱ्यावर पाण्याची ओढ फसवी आहे. पोहायचा हट्ट घरी ठेवून यावं.

भरतीच्या वेळेला गोराईचा विपश्यना पॅगोडा आहे. २००९ साली तो लोकांसाठी खुला झाला. आत सुमारे आठ हजार माणसं बसतील एवढा दगडी घुमट, आणि मधे एकही खांब नाही. एकमेकांत अडकवलेल्या दगडांवर तो तोललाय. लहान मुलांना तिथली शांतता फार वेळ झेपत नाही. तासभर पुरे.

मग उत्तन. इथून ठाणे जिल्हा. किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्यांवर बोंबील लटकलेले असतात, दोन-दोन, जबड्यात जबडा अडकवून. हे बोंबील डोल जाळ्यातले. डोल म्हणजे समुद्रात रोवून ठेवलेली भली मोठी पिशवी. तिच्यात मासा भरतीचं-ओहोटीचं पाणीच आणून घालतं. वास येतो, हो. नाक दाबून गाडीत बसून राहणाऱ्यांनी निदान बोंबील तरी विकत घ्यावेत.

पुढे चौक गावात धारावीचा किल्ला. सायन-माहीमजवळची धारावी नव्हे, मनोरी-गोराई-उत्तनच्या या साऱ्या पट्ट्यालाच धारावी बेट म्हणतात. १७३९ साली वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी हा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला. आज अवशेष थोडेच आहेत, पण समोर खाडीपलीकडे वसई दिसते. चिमाजी अप्पांना ही टेकडी का हवी होती, ते इथे उभं राहिल्यावर सातवीतल्या पोरालाही कळतं.

जेवण गावातच सांगून ठेवा. इथल्या ईस्ट इंडियन, म्हणजे या भागातल्याच मूळच्या ख्रिस्ती घरांत बॉटल मसाला असतो. एप्रिल-मेच्या उन्हात मिरच्या आणि वीसेक जिन्नस वाळवायचे, भाजून कुटायचे, आणि गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरायचे. प्रत्येक घराचं प्रमाण निराळं, आणि ते विचारून मिळेलच असं नाही. त्या मसाल्यातलं कोळंबीचं कालवण आणि सोबत फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव. मुलं फुगे आधी संपवतात.

पावसाळ्यात येणार असाल तर बेत बदला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. वलांड्या रिकाम्या, होड्या ताडपत्रीखाली, समुद्र खवळलेला. पण कोळीवाड्यात तेव्हा जाळी दुरुस्त करायला लोकांना सवड असते. रीतसर विचारून बाजूला बसलात तर जाळ्याच्या तुटलेल्या आसाला, म्हणजे डोळ्याला, गाठ कशी मारतात तेही मुलांना दाखवतील.