केबलमध्ये नसलेला आकडा

या केबलचं एक टोक कॉम्प्युटरमध्ये आहे, दुसरं स्विचच्या, म्हणजे नेटवर्कमधली उपकरणं एकमेकांना जोडणाऱ्या पेटीच्या, पाचव्या पोर्टमध्ये. हा ॲक्सेस पोर्ट, म्हणजे कॉम्प्युटरसारखं उपकरण जोडायचा पोर्ट आहे आणि त्याला १० नंबरचं व्हीलॅन दिलेलं आहे. व्हीलॅन म्हणजे त्याच स्विचवर आखलेलं वेगळं, आभासी नेटवर्क. आता केबलमधून जाणारी एक फ्रेम, म्हणजे माहितीचं एक पाकीट, उघडून पाहू. ज्याला पाठवायची त्याचा मॅक पत्ता (नेटवर्क उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक), ज्यानं पाठवली त्याचा पत्ता, मजकुराचा प्रकार, मजकूर, आणि शेवटी तपासणीचे ४ बाइट. १० हा आकडा कुठेही नाही.

मग स्विच ओळखतो कशावरून? फ्रेम कोणत्या पोर्टमधून आत आली, त्यावरून. कोरी, म्हणजे व्हीलॅनचा क्रमांक नसलेली, फ्रेम आली की स्विच ती त्या पोर्टच्या व्हीलॅनची धरतो आणि तशी नोंद स्वतःपाशी ठेवतो. कॉम्प्युटरला याची कल्पनाच नसते. तो साधी इथरनेट फ्रेम पाठवतो आणि तशीच साधी फ्रेम त्याला परत मिळते. या रचनेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच. म्हणूनच ‘ॲक्सेस पोर्ट टॅग लावतो’ हे नेहमीचं वाक्य मला खटकतं (टॅग म्हणजे फ्रेममध्ये घातलेली, व्हीलॅनचा क्रमांक सांगणारी खूणचिठ्ठी). शिकणाऱ्याचा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पुढचा शोध त्या व्हीलॅनपुरताच. मॅक टेबलमध्ये, म्हणजे कोणता पत्ता कोणत्या पोर्टवर आहे याच्या स्विचकडच्या यादीत, पत्ता सापडला, तर फ्रेम नेमक्या पोर्टवर जाते. नाही सापडला, तर १० नंबरच्या बाकी सगळ्या पोर्टवर. सहावा पोर्ट २० नंबरचा असेल, तर अगदी शेजारी असूनही त्याला ती दिसत नाही.

टॅग खरोखर लागतो तो ट्रंकवर, म्हणजे दोन स्विच जोडणाऱ्या तारेवर. तिथे एकाच तारेतून अनेक व्हीलॅनची ये-जा असते, नुसत्या पोर्टवरून ओळख पटणं शक्य नसतं. १९९८ साली आलेल्या आयईईई ८०२.१क्यू या मानकानुसार, पाठवणाऱ्याच्या पत्त्यानंतर ४ बाइट घातले जातात. पहिले दोन म्हणजे हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या अंकपद्धतीत) ८१०० ही खूण. उरलेल्या १६ बिटांपैकी १२ व्हीलॅनच्या क्रमांकाचे. वापरता येणारे क्रमांक १ ते ४०९४ एवढेच आहेत, ते यामुळे. फ्रेम बदलली, म्हणून तपासणीचे बाइटही नव्यानं काढावे लागतात. पलीकडचा स्विच ॲक्सेस पोर्टवर फ्रेम सोडण्याआधी टॅग काढून टाकतो.

आणि ॲक्सेस पोर्टवर बाहेरूनच टॅग लावलेली फ्रेम आली तर? क्रमांक जुळत नसेल, तर बहुतेक स्विच ती टाकून देतात. आयपी फोनसाठी (नेटवर्कवरून चालणाऱ्या फोनसाठी) मात्र मुद्दाम वाट ठेवलेली असते. फोन पोर्टला जोडलेला, फोनच्या मागे कॉम्प्युटर. त्या एकाच केबलमधून आवाजाच्या फ्रेम टॅगसह येतात आणि कॉम्प्युटरच्या कोऱ्याच.