निघण्याआधीचा महिना

[दृश्य : वडोदरा, महाराजा सयाजीराव विद्यापीठ, कला शाखेचा घुमट]

१८८१ साली इथे बडोदा कॉलेज सुरू झालं. १९१३ साली बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. आजची मुलं परदेशी अभ्यासदौऱ्यावर जातात ती जेमतेम दोन आठवडे. एवढ्यात काय शिकून येणार, असं घरचे विचारतातच.

[दृश्य : वर्ग, गोलात मांडलेल्या खुर्च्या]

हा गट जपानला निघालाय. जायला अजून महिना आहे. आज फळ्यावर एक प्रसंग लिहिलाय : तुम्ही काही विचारलंत आणि यजमान गप्प बसले. कुणी म्हणतं, रागावले. कुणी म्हणतं, प्रश्न कळला नसेल. मॅडम थांबवतात. "डोळ्यांना काय दिसलं, तेवढंच सांगा." दिसलं ते एका रकान्यात, आपण लावलेला अर्थ दुसऱ्यात. वह्यांवर किती खाडाखोड झालीय बघा! मराठी, गुजराती, सिंधी घरांतली ही मुलं. एकमेकांच्या गप्प बसण्याचाही अर्थ त्यांनी आजवर परस्पर लावलेला.

असे तास वगळून थेट तिकिटं काढणं सोपं असतं. युरोपच्या इरॅस्मस या विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेतल्या लघु कार्यक्रमांत प्रवास ५ ते ३० दिवसांचा, पण सोबत ऑनलाइन अभ्यास सक्तीचा. आपल्याकडेही तो सक्तीचा हवा.

[दृश्य : जपान, वसतिगृहाचं जेवणघर]

गटप्रमुख रोज बदलतो. आज दांडिया बाजारातल्या या मुलीची पाळी. समोर मिसो सूप. वाटीत टोफू दिसतं, मासा कुठे दिसत नाही. पण सुपाचं मूळ पाणी, म्हणजे दाशी, बहुतेकदा सुकवलेल्या माशापासून काढतात. गटातली निम्मी मुलं शाकाहारी. ती आधी स्वयंपाकघरात जाते. कोंबू या समुद्री वनस्पतीचं दाशी चालेल, असं लिहून दाखवते. मग टेबलाशी येऊन कुणाची वाटी कुठली ते सांगते. तोवर कुणीही वाटी परत सारलेली नाही.

[दृश्य : वडोदरा, तोच वर्ग]

परतल्यावर यातली काही मुलं विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांना मदत करू लागली. पुढच्या गटाचे तासही तीच घेतायत. ज्यांना खर्चामुळे जाता येणार नाही, त्यांनाही या तासांना बसता येतं.