गोदीत आलेलं युद्ध

[दृश्य: व्हिक्टोरिया गोदीची जुनी छायाचित्रं]

१४ एप्रिल १९४४. 'फोर्ट स्टायकीन' हे ब्रिटिश जहाज दोन दिवसांपासून मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत उभं होतं. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा आणि त्याच पोटात कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी. हे दोन्ही शेजारी ठेवू नयेत, एवढं कुठल्याही हमालाला कळतं. पण दुसऱ्या महायुद्धातल्या लढाईची घाई होती. स्फोटकांची खूण म्हणून लावायचा लाल बावटाही जहाजावर नव्हता.

दुपारी धूर दिसला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा, त्याहून मोठा. दूर शिमल्याच्या भूकंपमापकावर हादरे नोंदले गेले. पेटत्या गाठी उडून मांडवी, मस्जिद बंदरच्या दाट वस्तीवर कोसळल्या. जपान्यांनी बॉम्ब टाकले असं समजून माणसं पोरंबाळं घेऊन वाट फुटेल तिकडे धावली. शत्रूचं एकही विमान त्या दिवशी मुंबईवर आलं नव्हतं.

आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. सुमारे ८०,००० लोक बेघर झाले. वखारींतलं हजारो टन धान्य जळालं. आदल्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसं अन्नाविना मेली होती, हे आठवलं की त्या जळक्या धान्याचा विचारही सोसवत नाही.

आणि सरकारनं काय केलं? बातमी दाबली. जगाला ती आधी व्हिएतनाममधल्या सायगावच्या जपानी ताब्यातल्या नभोवाणीनं सांगितली. आपल्या वर्तमानपत्रांना मे महिन्यापर्यंत थांबावं लागलं.

[दृश्य: मालवाहू खेचरांची रांग]

याच बंदरातून डिसेंबर १९३९ मध्ये भारतीय पलटणींसोबत खेचरं फ्रान्सला धाडली गेली. पुढच्या उन्हाळ्यात तिथल्या डंकर्क बंदरातून सैन्य माघारी फिरलं, तेव्हा बोटींत खेचरांना जागा नव्हती. ती तिथंच सोडून दिली. मार्च १९४४ मध्ये, म्हणजे गोदीतल्या स्फोटाच्या जेमतेम महिनाभर आधी, ब्रह्मदेशाच्या जंगलात खेचरं विमानांनी उतरवण्यात आली. ओरडली तर जपान्यांना सुगावा लागेल, म्हणून आधीच त्यांच्या स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया करून त्यांचा आवाज काढून घेतला होता. ओझं वाहायला गळा लागत नाही, असा हा हिशेब. मला तो कधीच पटणार नाही.

३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारत युद्धात असल्याचं जाहीर केलं. मध्यवर्ती विधिमंडळालाही विचारलं नाही, तिथं मांडवीच्या हमालाला कोण विचारणार?

[दृश्य: भायखळा, अग्निशमन दलाचं स्मारक]

जवानांचं स्मारक भायखळ्याला आहे. दर १४ एप्रिलला तिथं मानवंदना होते. बाकीच्या मृतांचा आकडा मात्र कुणी सात-आठशे सांगतं, कुणी तेराशे. वखारीच्या आडोशाला रात्र काढणाऱ्यांची नोंद जिवंतपणीच कुणी ठेवली नव्हती. मेल्यावर त्यांना मोजणार तरी कसं?