पिवळा दिवा

न्यूरेंबर्ग, 1945. न्यायमहालातली 600 क्रमांकाची खोली. इथे नाझी नेत्यांवर खटला चालू आहे. आरोपींवरून नजर जरा बाजूला न्या. त्यांच्या बाकांना लागून, बुटक्या काचांच्या आड बसलेत ते दुभाषे. काचा वरून उघड्या, त्यामुळे शेजारच्याचं बोलणं कानावर पडणारच.

टेबलं चार: इंग्रजी, रशियन, फ्रेंच, जर्मन. प्रत्येकावर तिघं. इंग्रजीच्या टेबलावर एक जण जर्मनमधून, दुसरा रशियनमधून, तिसरा फ्रेंचमधून इंग्रजीत आणतो. बोलणाऱ्याची भाषा बदलली, की माइक हातोहात सरकतो.

हेडफोनवर कुठली भाषा ऐकायची ते निवडायची ही चकती बघा. 1 वर मूळ आवाज, 2 वर इंग्रजी, मग रशियन, फ्रेंच, 5 वर जर्मन. यंत्रणा आयबीएमची.

बारा-बारांच्या तीन तुकड्या. एक 85 मिनिटं बोलते. दुसरी शेजारच्या खोलीत हेडफोन लावून कामकाज ऐकते, म्हणजे पाळी आल्यावर धागा तुटत नाही. तिसरीला सुट्टी.

आणि हा पिवळा दिवा. पेटला की वकिलाने सावकाश बोलायचं. लाल पेटला की थांबायचंच.

खरी गोम क्रियापदाची. मराठीसारखंच जर्मनमध्येही ते पुष्कळदा शेवटी येतं. ‘मी तो हुकूम त्या दिवशी कचेरीत बसून...’ दिला, वाचला की फाडला? इंग्रजीला क्रियापद कर्त्यामागोमाग हवं. वाट पाहावी तर पुढचं वाक्य अंगावर येतं. अंदाजाने बोलावं तर साक्ष बदलते.

त्यात जर्मनांचा ‘या’, म्हणजे ‘हो’. उत्तराआधी तो सहज येतो, आपल्या ‘हां, म्हणजे...’सारखा. दुभाषा ‘यस’ म्हणून गेला, की नोंदीत कबुलीच.

मार्च 1946. अमेरिकेचे सरकारी वकील जॅक्सन आरोपी असलेल्या नाझी नेत्या गोअरिंगपुढे एक कागद धरतात: ऱ्हाइनलँडची, म्हणजे जर्मनीतल्या ऱ्हाइनकाठच्या प्रदेशाची मुक्ती. गोअरिंग मूळ जर्मन दाखवतो: ऱ्हाइन नदी मोकळी करणं. ही चूक आधीच्या लेखी भाषांतरातली होती, काचेआडच्यांची नव्हे. एवढं सांगायलाच हवं.

1 ऑक्टोबर 1946. बारांना फाशी, सात जणांना कैद, तिघांची सुटका. शिक्षा सुनावताना कॅमेरे बंद होते, म्हणून इथे फक्त हे रिकामे हेडफोन. त्या दुपारी गोअरिंगच्या हेडफोनमध्ये आवाजच येईना. तो हातवारे करू लागला, तंत्रज्ञ धावले. यंत्र सुरू झालं, मग शिक्षा त्याच्या कानात जर्मनमध्ये पोचली.